‘आधी कुणी तक्रार केली होती का?’ : आयर्लंडच्या एका भरपाई योजनेचं वाचन

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आयर्लंडचा आहे, पण सुरुवात मालवण तालुक्यातल्या वराड गावापासून करतो. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याला काय आनंद झाला होता ते आठवत असेल. कोकणातल्या घरातला मुलगा युरोपातल्या देशाचा पंतप्रधान! २०१९च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले, तेव्हा पुन्हा बातम्या झाल्या. त्याच वर्षी, पाच-सहा महिने आधी, ९ जुलैला हेच वराडकर आपल्या संसदेत उभे राहिले आणि त्यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. लहानपणी शाळेत ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले आणि मोठेपणी ज्यांना सरकारने भरपाई नाकारली, अशा माणसांची माफी. ही बातमी आपल्यापैकी किती जणांनी वाचली? मीही तेव्हा वाचली नव्हती. फार उशिरा वाचली, आणि मग एकेक कागद वाचत मागे मागे गेलो.

मागे गेल्यावर सापडली ती एक अट. एका सरकारी योजनेतली एक ओळ म्हणा ना. आज मी त्या अटीवर टीका करणार आहे. पण टीका करायची तर आधी ती कुठून आली ते नीट समजून घ्यायला हवं. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांची रचना आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्याकडच्या अनुदानित शाळा आठवा. शाळा चालवते एक संस्था, पगार देतं सरकार. अभ्यासक्रम सरकारचा, तपासणीला येणारा अधिकारी सरकारचा, पण शिक्षक नेमणारी आणि कारभार पाहणारी संस्था वेगळी. आयर्लंडमध्ये ही संस्था म्हणजे बहुतेक ठिकाणी कॅथलिक चर्च. गावचा धर्मगुरू किंवा बिशपने नेमलेला माणूस शाळेचा ‘मॅनेजर’. जवळपास सगळा देश याच शाळांत शिकला. गावात दुसरी शाळा नसायची, आणि शिक्षण सक्तीचं होतं. म्हणजे मूल तिथेच पाठवावं लागायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

कॉर्क परगण्यात किन्सेल गावाजवळ डंडेरो नावाची वस्ती आहे. तिथल्या शाळेत १९७३ साली लुईझ ओ’कीफ नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी शिकत होती. मुख्याध्यापक तिला संगीताच्या शिकवणीसाठी वर्गात बोलवायचे आणि तिथे तिच्यावर लैंगिक अत्याचार करायचे. तिचं नाव मी घेतोय, कारण पुढे ती स्वतः नावानिशी उभी राहिली.

आता दोन तारखा. १९७१ साली, म्हणजे लुईझच्या आधी दोन वर्षं, दुसऱ्या एका मुलीच्या पालकांनी याच मुख्याध्यापकाविरुद्ध तक्रार केली होती. कुणाकडे? मॅनेजरकडे, म्हणजे धर्मगुरूकडे. कारण सरकारचे नियमच असे होते की शिक्षकाबद्दलची तक्रार आधी मॅनेजरकडे न्यायची. त्यांनी काही केलं नाही. पोलिसांना कळवलं नाही, शिक्षण खात्यालाही कळवलं नाही. मग १९७३च्या शेवटी आणखी पालक बोलले, बैठक झाली, आणि जानेवारी १९७४ मध्ये मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला. पुढे काय झालं? ते जवळच्याच दुसऱ्या शाळेत रुजू झाले आणि १९९५ साली निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवत राहिले. पगार अर्थातच सरकारी.

सरकारचा निरीक्षक १९६९ ते १९७३ या काळात त्या डंडेरोच्या शाळेत सहा वेळा येऊन गेला होता. त्याच्याकडे एकही तक्रार आली नाही. ही गोष्ट सरकारने पुढे स्वतःच्या बचावासाठी सांगितली. न्यायालयाने तीच गोष्ट सरकारच्या विरुद्ध वाचली. निरीक्षक सहा वेळा येतो, आणि तरी चारशेहून जास्त घटना घडलेल्या शाळेतलं एक अक्षरही त्याच्या कानावर जात नाही, तर दोष कुणाचा? तक्रार न करणाऱ्या पोरांचा, की कानाची सोयच नसलेल्या व्यवस्थेचा?

१९९५-९६च्या सुमारास दुसऱ्या एका माजी विद्यार्थिनीने तक्रार केली, पोलिसांनी जुन्या विद्यार्थिनी शोधायला सुरुवात केली, आणि १९९७ साली लुईझने जबाब दिला. ३८६ आरोप होते, २१ मुलींच्या बाबतीतले. १९९८ साली त्यांतले २१ नमुन्याचे आरोप आरोपीने कबूल केले, आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

मग दिवाणी दावा. लुईझने शिक्षकावर दावा लावला आणि सरकारवरही. २००६ साली उच्च न्यायालयाने शिक्षकाला तीन लाख पाच हजार युरो द्यायला सांगितले, पण सरकारविरुद्धचा दावा फेटाळला. शिक्षक म्हणाला, माझ्याकडे पैसे नाहीत. मग ठरलं की त्याने महिन्याला ४०० युरो द्यायचे. हिशोब करून बघा, साठाहून जास्त वर्षं लागतील. तेव्हा ‘गुन्हेगाराकडून वसूल करा, सरकारकडे कशाला येता’ असं कुणी म्हटलं, तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवावा.

२००८च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकारला मोकळं केलं. या निकालामागे आयर्लंडच्या राज्यघटनेतला एक शब्दप्रयोग आहे. ४२व्या कलमात असं नाही म्हटलेलं की राज्य मोफत प्राथमिक शिक्षण ‘देईल’. म्हटलंय की राज्य त्याची ‘तजवीज करेल’. तजवीज करणं म्हणजे पैसा पुरवणं, नियम करणं. शिकवणार दुसरा. आणि शिकवणारा दुसरा असल्यामुळे त्याच्या कृत्याला सरकार मालक म्हणून जबाबदार नाही. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हे मी मान्य करतो. मालक-नोकर नात्याचा जुना नियम लावला, तर मालक चर्चच ठरतं. पण प्रश्न असा की सरकारचं मुलाशी असलेलं नातं फक्त शिक्षकाच्या मालकीतून ठरतं का? मूल शाळेत गेलं ते कायद्याने पाठवलं म्हणून. ती सक्ती कुणाची होती?

आणि निकालानंतर सरकारने काय केलं? अशाच स्वरूपाचे दावे लावलेल्या इतर लोकांना पत्रं पाठवली. पत्रांचा आशय असा, की निकाल आमच्या बाजूने लागला आहे, तुमचा दावा मागे घ्या, नाहीतर खर्च तुमच्यावर बसेल. अनेकांनी दावे मागे घेतले. दुसरं काय करणार? ज्याला आयुष्यभर कुणी ऐकलं नाही, त्याच्या हातात सरकारी वकिलाचं पत्र पडल्यावर तो घर गहाण टाकून लढणार आहे का?

लुईझ ओ’कीफ लढल्या. त्या स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. २८ जानेवारी २०१४ला तिथल्या मोठ्या खंडपीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल दिला : आयर्लंड या मुलीचं संरक्षण करण्यात कमी पडलं. न्यायालयाने फार साध्या भाषेत सांगितलेला मुद्दा असा आहे. मुलांना छळापासून वाचवणं ही सरकारची स्वतःची जबाबदारी आहे, प्राथमिक शाळेत तर विशेषच. शाळा खाजगी संस्थेकडे सोपवली म्हणून ती जबाबदारी सोपवली जात नाही. मुलांवर लैंगिक गुन्हे होतात हे सरकारला माहीत होतं, कारण सरकारच तशा गुन्ह्यांचे खटले कित्येक दशकं चालवत होतं. असं असून शाळांसाठी देखरेखीची यंत्रणा केली नाही. पालकांना तक्रारीसाठी सरकारकडे येण्याची वाट ठेवली नाही. उलट त्यांना मॅनेजरच्या दाराशी पाठवलं. हा दोष.

इथवर गोष्ट एका बाईच्या जिद्दीची आहे. माझा विषय यानंतर सुरू होतो.

निकालानंतर सरकारला इतरांसाठी काहीतरी करणं भाग होतं. २०१४च्या अखेरीस आणि मग २०१५च्या जुलैत निर्णय झाले. न्यायालयात चालू असलेल्या दाव्यांमध्ये तडजोड करायची, आणि ज्यांनी दावे मागे घेतले त्यांना ८४,००० युरोपर्यंत रक्कम द्यायची. हा आकडा बघा. स्ट्रासबर्गने लुईझना ३०,००० युरो भरपाई दिली होती, आणि त्याआधी गुन्हेपीडितांसाठीच्या सरकारी न्यायाधिकरणाकडून त्यांना ५४,००० युरोंच्या आसपास मिळाले होते. बेरीज ८४,०००. म्हणजे एका माणसाला दोन ठिकाणी मिळालेल्या पैशांची बेरीज ही सगळ्यांसाठी कमाल मर्यादा झाली. कुणाचं नुकसान त्याहून जास्त असू शकतं, हा विचार त्या आकड्यात दिसत नाही.

या योजनेचं नाव ‘एक्स ग्रेशिया’. आपल्या सरकारी मराठीत याला शब्द आहे : सानुग्रह. दिवाळीला महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना मिळतं ते सानुग्रह अनुदान. अनुग्रह म्हणजे कृपा. देणाऱ्यावर बंधन नाही, पण तो देतो. आता गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलंय की तुमचं कर्तव्य चुकलं. आणि तुम्ही पैसे देताना म्हणता, ही आमची कृपा. कर्ज फेडायला आलेल्या माणसाने पाकिटावर ‘अहेर’ लिहावं, तसं हे आहे.

पण खरी अडचण पुढे आहे, ती म्हणजे अट. योजनेचा लाभ कुणाला? ज्याच्यावर अत्याचार होण्याच्या आधी, त्याच शिक्षकाविरुद्ध, शाळेकडे तक्रार झाली होती, त्याला. आणि अशी तक्रार झाली होती, हे अर्जदाराने दाखवायचं.

ही अट आली कुठून? लुईझच्या प्रकरणात १९७१ची ती तक्रार होती, तिथून. सरकारचं म्हणणं असं, की स्ट्रासबर्गचा निकाल त्या तक्रारीवर उभा आहे, तेव्हा तशीच परिस्थिती असलेल्यांनाच तो लागू. वरवर पाहता हे वाचन काटेकोर वाटतं. मी निकाल पुन्हा वाचला तो याच शंकेने, की खरंच तसं आहे का? नाही. निकालात त्या तक्रारीचा उल्लेख येतो तो उदाहरण म्हणून. बघा, तक्रार झाली आणि ती कुठेच पोचली नाही, यावरून यंत्रणा नव्हती हे दिसतं. दोष आहे तो यंत्रणा नसण्याचा. सरकारने त्या दोषाचा पुरावा उचलला आणि त्यालाच पात्रतेची अट करून टाकलं.

आता ही अट माणसाला कशी लागू होते, ते पाहू. समजा, एखाद्या शाळेत पहिल्याच मुलावर अत्याचार झाला. त्याच्या आधी तक्रार असणंच शक्य नाही. तो बाद. समजा, दहा मुलांवर झाला, पण धर्मगुरूविरुद्ध किंवा मास्तरविरुद्ध बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. दहाही बाद. समजा, कुणीतरी हिंमत करून मॅनेजरला सांगितलं, पण मॅनेजरने ते कागदावर घेतलं नाही. चाळीस वर्षांनंतर तो मॅनेजर हयात नाही, शाळेत नोंद नाही. बाद. म्हणजे व्यवस्था जितकी जास्त बहिरी, तितका सरकारचा खर्च कमी. जिथे गप्प बसवणं पूर्ण यशस्वी झालं, तिथे सरकारला सगळ्यात मोठी सूट. अशी अट लिहिणाऱ्याने तिच्याखाली एकदा तरी एखाद्या आठ वर्षांच्या मुलाला उभं करून बघायला हवं होतं.

सरकारची बाजूही मांडतो, नाहीतर टीका एकतर्फी होईल. तिजोरी जनतेची असते. काहीतरी कसोटी हवीच. त्यातच आयर्लंडचा हात आधी भाजलेला होता. निवासी संस्था, म्हणजे अनाथगृहं, सुधारगृहं वगैरे, तिथल्या अत्याचारांबद्दल १९९९ साली पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी माफी मागितली आणि २००२च्या कायद्याने भरपाई मंडळ नेमलं. साडेपंधरा हजारांच्या आसपास लोकांना रकमा मिळाल्या. धार्मिक संस्थांशी करार झाला तो १२ कोटी ८० लाख युरोंचा, आणि सगळा खर्च गेला दीडशे कोटींच्या घरात. उरलेला भार करदात्यावर. तेव्हा दिवसाच्या शाळांचं दार उघडलं तर काय होईल, ही भीती खरी होती.

शिवाय ते २००२चं मंडळही काही आदर्श नव्हतं. तिथे शंभर गुणांचा तक्ता होता. अत्याचाराच्या तीव्रतेला २५पर्यंत गुण, आजारपणाला ३०, मनावरच्या आणि सामाजिक परिणामांना ३०, हुकलेल्या संधींना १५. सत्तरच्या वर गुण पडले की दोन ते तीन लाख युरो. दहावीच्या गुणपत्रिकेसारखं. आणि आपल्याला काय मिळालं हे बाहेर सांगणं गुन्हा! पण इतकं असूनही एक गोष्ट त्या मंडळाने केली. ‘आधी कुणी तक्रार केली होती का’ असं विचारलं नाही. संस्थेत होतास का, तुझ्यावर अत्याचार झाला का, त्याचा परिणाम काय, एवढंच विचारलं. म्हणजे या अटीशिवाय योजना चालवता येते, हे त्याच सरकारला माहीत होतं. माझा आक्षेप कसोटी असण्याला नाही. कसोटीने अर्जदाराचं म्हणणं तपासावं. इथे कसोटी भलत्याच माणसाचं वागणं तपासत होती, पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी तोंड उघडलं होतं का ते.

हे बाहेर कसं आलं? अर्ज नाकारले जात राहिले. ओरड झाल्यावर निवृत्त न्यायमूर्ती इआर्ला ओ’नील यांना स्वतंत्र परीक्षक नेमलं. नाकारलेले १९ अर्ज त्यांच्यापुढे आले. जुलै २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की ही अट स्ट्रासबर्गच्या निकालाशी विसंगत आहे, तिच्यातला तर्कच उलटा आहे. १९पैकी १३ जणांना पैसे मिळायला हवेत. आणि मग ती वराडकरांची माफी. निकालानंतर साडेपाच वर्षांनी.

माफीने प्रश्न मिटला का? योजना थांबवली गेली, आणि सुधारून पुन्हा उघडायला आणखी दोन वर्षं गेली. जुलै २०२१ मध्ये ती उघडली. ती अट गेली. छान. पण तिच्या जागी काय आलं? सरकारविरुद्ध १ जुलै २०२१पर्यंत न्यायालयात दावा लावलेला असला पाहिजे. आता २००८नंतरची ती पत्रं आठवा. ज्या सरकारने दावे लावणाऱ्यांना खर्चाची भीती घातली, तेच सरकार म्हणतं, तुम्ही दावा लावला होतात का? ज्यांनी लावून मागे घेतला, त्यांना निदान जागा आहे. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून ज्यांच्या वकिलांनी प्रामाणिकपणे सल्ला दिला की लावू नका, हरणार आहात, त्यांचं काय? ते बाहेर. पहिल्या वेळी आधीच्या मुलांचं मौन अर्जदाराला भोवलं. दुसऱ्या वेळी त्याचं स्वतःचं. आणि दोन वर्षांनी, २०२३च्या जुलैत, नव्या अर्जांसाठी ही योजनाही बंद झाली.

प्रश्न किती मोठा आहे, ते सप्टेंबर २०२४ मध्ये कळलं. धार्मिक संघटनांनी चालवलेल्या शाळांबद्दलचा प्राथमिक चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. ३०८ शाळा, ८८४ कथित अत्याचारी, २,३९५ आरोप. हे फक्त संघटनांनी स्वतःच्या दप्तरातून दिलेले. अहवालाने चौकशी आयोगाची शिफारस केली, भरपाई योजनेचीही केली. म्हणजे स्ट्रासबर्गच्या निकालानंतर दहा वर्षांनी गाडी पुन्हा त्याच स्टेशनात : भरपाई कशी द्यायची?

आता आपल्याकडे एकदा बघूया, फार वेळ घेत नाही. आपला पोक्सो कायदा २०१२चा. त्यात संस्थेच्या प्रमुखाने गुन्हा कळवला नाही तर त्याला शिक्षा आहे. म्हणजे डंडेरोच्या मॅनेजरने जे केलं, ते आपल्याकडे गुन्हा ठरतं. भरपाईसाठी आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, अशीही अट नाही. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरी विशेष न्यायालय भरपाई देऊ शकतं. कागदावर हे आयर्लंडपेक्षा पुढचं आहे, आणि तसं म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्रात २०१३पासून मनोधैर्य योजना आहे. पण तिचा शब्द कुठला? ‘अर्थसहाय्य’. मदत. अनुदानित शाळेत अत्याचार झाला, तर पगार देणारं, मान्यता देणारं, तपासणी करणारं सरकार त्या मुलाला मदत करतं, की देणं फेडतं? मदत आणि देणं यांत रकमेचा फरक नसेलही. फरक असा, की देणं मान्य केलं की ‘आमचं काय चुकलं’ हे शोधावं लागतं. मदत केली की शोधावं लागत नाही.

म्हणून शेवटी तीन प्रश्न ठेवतो. कुठलीही भरपाई योजना हातात आली, इथली किंवा तिथली, तर ती या तीन प्रश्नांनी वाचावी. एक, पैसे देताना सरकार आपली चूक नावानिशी सांगतं का? दोन, पुराव्याचं ओझं कुणावर आहे? नोंदी ठेवणं ज्याचं काम होतं त्याच्यावर, की ज्याची नोंद कुणी घेतलीच नाही त्याच्यावर? आणि तीन, ही अट पाळणं त्या वेळच्या मुलाला शक्य होतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ती योजना अर्जदाराला परत पाठवण्यासाठी केलेली आहे असं समजावं, मग वर कितीही मोठा आकडा लिहिलेला असो.

आपण ‘दाद मागणे’ म्हणतो. दाद मागणाऱ्याला आपण पहिला प्रश्न काय विचारतो, यावरून आपण दाद देणार आहोत की नाही, ते कळतं. ‘तुझ्या आधी कुणी तक्रार केली होती का?’ हा पहिला प्रश्न असूच शकत नाही. तो प्रश्न सरकारने स्वतःला विचारायचा असतो. तक्रार झाली असती, तर ती ऐकायला आमचं कुणी तिथे होतं का?

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.